गरम झाल्यावर तुटणारी जोडणी: आठ थरांच्या पीसीबीचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण मल्टिलेअर पीसीबी, म्हणजे अनेक थरांचे प्रिंटेड सर्किट बोर्ड, बनवणाऱ्या एका मध्यम आकाराच्या कारखान्यातले आहे. कारखाना, ग्राहक आणि माणसे यांची ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. प्रक्रियेचे तपशील मात्र ठेवले आहेत, कारण सगळी गोम तिथेच होती.

बोर्ड आठ थरांचा, १.६ मिमी जाडीचा, औद्योगिक मोटर ड्राइव्हच्या कंट्रोल कार्डासाठी. सर्वांत लहान भोक ०.३ मिमी ड्रिलचे. कारखाना हा बोर्ड कित्येक वर्षे बनवत होता. आतले थर आधी एच करून (नको ते तांबे रसायनाने काढून) तपासायचे, मग प्रीप्रेगसह (रेझिन मुरवलेल्या काचेच्या कापडासह) रचून प्रेसमध्ये एकजीव करायचे, ड्रिल मारायचे, भोकांच्या भिंतींवर तांबे चढवायचे, बाहेरचे थर एच करायचे, सोल्डर मास्क, फिनिश (तांब्यावरचा सोल्डर धरणारा थर), टेस्ट आणि डिस्पॅच. तक्रारी अगदी तुरळक. अशा बोर्डाकडे कोणी वेगळे लक्ष देत नाही आणि द्यायचे कारणही नसते.

मग ग्राहकाने असेंब्ली शिसेविरहित सोल्डरवर नेली. जुने कथील-शिशाचे सोल्डर १८३ अंश सेल्सिअसला वितळते, शिसेविरहित मिश्रधातू २१७ अंशांच्या आसपास. म्हणजे सोल्डर वितळवणाऱ्या रिफ्लो ओव्हनमध्ये बोर्डाला २४५ ते २६० अंशांपर्यंत तापावे लागते, तेही दोन्ही बाजूंना पार्ट असतील तर दोनदा. आधीचे लॅमिनेट, म्हणजे बोर्डाचा काच आणि रेझिनचा पाया, साधे, डायसी-क्युअर्ड (डायसी या रसायनाने कडक केलेले) एफआर-४ होते. त्याचा टीजी, म्हणजे ज्या तापमानाला रेझिन कडकपणा सोडून मऊ पडू लागते तो बिंदू, १४० अंशांच्या आसपास. त्यापेक्षाही महत्त्वाचे म्हणजे रेझिनचे विघटन ज्या तापमानाला सुरू होते ते या जातीत शिसेविरहित रिफ्लोसाठी पुरेसे वर नसते. म्हणून फिनॉलिक-क्युअर्ड, फिलर (बारीक भुकटी) घातलेले, १७० अंशांहून जास्त टीजीचे लॅमिनेट ठरले. ही निवड योग्यच होती आणि आजही कोणी तिला नावे ठेवत नाही.

लॅमिनेट बदलताना कारखान्यात रीतसर बैठक झाली. नव्या रेझिनला क्युअर व्हायला जास्त तापमान आणि जास्त वेळ लागतो, म्हणून प्रेस सायकल बदलली. पुरवठादाराच्या डेटाशीटप्रमाणे ड्रिलिंगचे फीड आणि स्पीड बदलले. एका ड्रिल बिटने जास्तीत जास्त किती भोके मारायची, ही मर्यादा मात्र जुनीच राहिली. आणि ड्रिलनंतर भोके स्वच्छ करणाऱ्या डीस्मिअर लाइनचे नाव बैठकीच्या टिपणात कुठेच आले नाही.

भोकाच्या भिंतीवर काय घडते

पुढचे समजायला एवढा भाग नीट पाहावा लागेल.

कार्बाइडचा बारीक बिट मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेत पॅनेलमधून, म्हणजे बोर्डांच्या मोठ्या पत्र्यातून, आरपार जातो. वाटेत ज्या आतल्या थरांचे पॅड (भोकाभोवतालचे तांब्याचे ठिपके) लागतात, त्यांच्या तांब्याची कड भोकाच्या भिंतीवर उघडी पडते. साधारण ३५ मायक्रॉन, काही थरांत १८ मायक्रॉन जाडीची ही कड. नंतर भिंतीवर चढणारे तांबे या कडेला जोडले गेले पाहिजे. आतल्या थरातला सिग्नल वर येण्याची वाट तेवढीच.

ड्रिल मारताना घर्षणाने उष्णता निर्माण होते. बिट नवा असेल तर तो कापतो, घासला गेलेला असेल तर रगडतो. रेझिन तापून मऊ झाले की बिट ते ओढत नेतो आणि तांब्याच्या कडेवर लेप देतो. हा लेप म्हणजे स्मिअर. तो काढायला डीस्मिअर लाइनवर तीन मुख्य टाक्या असतात. पहिल्या टाकीत रेझिन फुगवले जाते. दुसरीत ८० अंशांच्या आसपास तापवलेले अल्कधर्मी परमँगनेट ते फुगलेले रेझिन खाऊन टाकते. तिसरीत मागे उरलेला मँगनीज डायऑक्साइड काढला जातो. त्यानंतर पॅलेडियमचा कॅटॅलिस्ट, मग विजेशिवाय बसणारा इलेक्ट्रोलेस तांब्याचा अतिशय पातळ थर, आणि शेवटी विजेच्या प्लेटिंगने भिंतीवर सरासरी २५ मायक्रॉन तांबे.

परमँगनेटने स्मिअर पूर्ण काढला नाही तरी पुढच्या टाक्या थांबत नाहीत. पॅलेडियम रेझिनवरही बसते. बसायलाच हवे, कारण भिंतीचा बराचसा भाग रेझिन आणि काचच असतो. त्यामुळे लेपावरसुद्धा छान चकचकीत तांबे चढते. बाहेरून पाहणाऱ्याला चांगल्या आणि वाईट भोकात काहीच फरक दिसत नाही.

तक्रार

पहिल्या काही लॉटबद्दल काही आले नाही. मग ग्राहकाकडून थोडी कार्डे परत आली. असेंब्लीनंतरच्या फंक्शनल टेस्टमध्ये ती कधी चालत, कधी बंद पडत. बोर्ड बोटाने दाबला की चालू, गरम हवेचा झोत दिला की बंद, थंड झाला की पुन्हा चालू. ग्राहकाने सोबत लिहिले होते की बीजीएखालच्या (खालून सोल्डरच्या गोळ्यांनी बसणाऱ्या चिपखालच्या) सोल्डर जॉइंटवर संशय आहे आणि फिनिश तपासावा. संशय रास्त होता. असे येणारे-जाणारे दोष बहुतेक वेळा सोल्डरिंगचेच निघतात, आणि फिनिश नीट नसेल तर जॉइंट कच्चा राहतोच.

कारखान्याने फिनिश तपासला, तो ठीक निघाला. तेवढ्यात ग्राहकाच्या एका इंजिनियरने पार्ट काढून टाकला आणि नुसत्या बोर्डावर दोन व्हायांमध्ये (थर जोडणाऱ्या तांबे चढवलेल्या भोकांमध्ये) मीटर लावून गरम हवा दिली. पार्ट नसतानाही सर्किट उघडे पडले. मामला बोर्डाच्या आतला आहे हे या एका चाचणीने ठरले. ही चाचणी करायला फार सामग्री लागत नाही. ती आधी का होत नाही, याचे मला नेहमी नवल वाटते. बहुधा महागडा पार्ट काढून टाकायला कोणी धजावत नाही.

कारखान्यातली पहिली प्रतिक्रिया अपेक्षित होती. हेच बोर्ड डिस्पॅचआधी इलेक्ट्रिकल टेस्टवर शंभर टक्के पास झालेले होते. रेकॉर्ड काढले, सगळे पास. प्रॉडक्शन हेडने बैठकीत विचारले, “साहेब, टेस्टरवर पास झालेला माल अडवायचा कशाच्या आधारावर?”

याचे उत्तर आकड्यांत आहे. ०.३ मिमीच्या, २५ मायक्रॉन प्लेटिंगच्या, १.६ मिमी लांब भोकाचा रोध साधारण एक मिलिओहम येतो. टेस्टर मात्र काही ओहमची मर्यादा लावून जोडणी आहे की नाही एवढेच विचारतो. मधल्या लेपाला एखाद्या ठिकाणी खंड पडून तांबे तांब्याला टेकले असेल, तरी टेस्टरचे उत्तर “आहे” असेच येते. दोन कागद गोंद न लावता नुसते दाबून ठेवले तर चिकटल्यासारखे दिसतात, तशी ती जोडणी.

आणि ही चाचणी खोलीच्या तापमानाला होते. टीजीखाली लॅमिनेट जाडीच्या दिशेने अंशाला साधारण ५० पीपीएम (दशलक्षात ५० भाग) फुगते, टीजीवर २५० च्या आसपास. तांबे १७ पीपीएमच. २५ अंशांवरून २६० पर्यंतचा हिशेब मांडला तर १.६ मिमीचा बोर्ड जाडीत सुमारे ४८ मायक्रॉन वाढू पाहतो आणि भोकातले तांबे जेमतेम सहा. उरलेला सगळा ताण भोकातल्या तांब्यावर आणि आतल्या पॅडशी असलेल्या त्याच्या सांध्यांवर येतो. सांधा पक्का असेल तर तांबे थोडे ताणले जाऊन निभावते. कच्चा असेल तर तो सुटतो, आणि बोर्ड थंड झाल्यावर पुन्हा टेकतो.

निर्णय पहिला: हा दोष नेमका कोणता?

परत आलेल्या बोर्डांचे मायक्रोसेक्शन, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे भोकाचे उभे छेद, घ्यायचे ठरले. हे काम फार चिकाटीचे आहे. तुकडा इपॉक्सीत ओतायचा, सिलिकॉन कार्बाइडच्या पेपरवर खरखरीतकडून बारीककडे घासत भोकाच्या बरोबर मध्यापर्यंत यायचे, मग अॅल्युमिनाने पॉलिश करायचे. ०.३ मिमीच्या भोकात मध्य चुकायला वेळ लागत नाही. पॉलिश झाल्यावर तांबे आरशासारखे दिसते आणि सगळी जोडणी एकसंध वाटते. पण तांबे मऊ असते. पॉलिश करताना ते फटीवर पसरते आणि फट बुजवून टाकते. म्हणून अमोनिया आणि हायड्रोजन पेरॉक्साइडच्या मिश्रणाचा फाया काही सेकंद फिरवून वरचा पसरलेला थर काढायचा. फाया कमी फिरवला तर फट लपते. जास्त फिरवला तर निरोगी भोकातही फॉइल आणि प्लेटिंगच्या सीमेवर काळी रेघ उमटते. प्रकरण याच रेघेवर अडले.

लॅब टेक्निशियनने रोजच्या रजिस्टरमध्ये अशी रेघ आधीच नोंदवली होती. नव्या लॅमिनेटच्या काही सेक्शनपुढे तिच्या अक्षरात “पॅडपाशी बारीक रेघ, एच जास्त झाले असावे” असे लिहिलेले सापडले. तिने दिसले ते लिहिले होते. वाचून पुढे काय करायचे, हे मात्र कोणाच्याच कामात लिहिलेले नव्हते, आणि लॉट अडवायचा अधिकार तिच्याकडे नव्हता.

आता त्याच लॉटचे नवे सेक्शन, सेकंद मोजून एच करून, जास्त मोठ्या वर्धनाखाली पाहिले. रेघेची जाडी एकसारखी नव्हती. मधेच ती जाड होत होती आणि जाड ठिकाणी करड्या पदार्थात फिलरचे कण अडकलेले दिसत होते. हा लेप होता.

इथे घाई न करणे महत्त्वाचे ठरले. आतल्या थराची जोडणी सुटण्याचे दोन ठळक प्रकार असतात. एकात तांब्याच्या मध्ये स्मिअर किंवा ड्रिलची घाण राहते. दुसऱ्यात मध्ये काहीच नसते, पण इलेक्ट्रोलेस तांब्याची पकडच कच्ची असते आणि फट स्वच्छ दिसते. पहिल्याचा उपाय ड्रिल आणि डीस्मिअरमध्ये, दुसऱ्याचा मायक्रोएच (तांब्याचा पृष्ठभाग किंचित खरवडणे), कॅटॅलिस्ट आणि इलेक्ट्रोलेस बाथमध्ये. प्लेटिंग विभागाने तोवर इलेक्ट्रोलेस बाथ ओतून देऊन नवा बनवायची तयारी केली होती. प्रोसेस इंजिनियरने ते थांबवले आणि एक साधी गोष्ट मागितली: चालू लाइनवरून एक पॅनेल डीस्मिअरनंतर, इलेक्ट्रोलेसच्या आधीच बाहेर काढा. त्याची भोके उभी चिरून भिंत सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. तांब्याच्या कडा नव्या नाण्यासारख्या उघड्या दिसायला हव्या होत्या. नव्या बिटच्या भोकांत बहुतेक तशा होत्या. बिटचे आयुष्य संपत आलेल्या भोकांत कडांवर तपकिरी लेप तसाच होता.

बाथ बदलला असता तर पुढचे काही सेक्शन योगायोगाने बरेही आले असते, आणि खरे कारण आणखी कित्येक लॉट लपून राहिले असते.

डीस्मिअरचा रोजचा चेक पास कसा होत होता?

मला या प्रकरणातला हा भाग सर्वांत बोलका वाटतो. डीस्मिअर लाइनवर दर शिफ्टला लॅमिनेटचा एक नंगा तुकडा वाळवून तोलायचा, लाइनमधून फिरवायचा, पुन्हा वाळवून तोलायचा आणि वजनातली घट नोंदवायची, अशी पद्धत होती. घट मर्यादेत म्हणजे परमँगनेट काम करतोय. नोंदी व्यवस्थित होत्या, एकही शिफ्ट चुकलेली नव्हती.

पण तुकडा जुन्याच लॅमिनेटचा होता. स्टोअरमध्ये त्याचा साठा पडलेला होता आणि ऑपरेटर त्यातूनच कापून घेत होता. फिनॉलिक-क्युअर्ड रेझिन रसायनांना बरीच कमी दाद देते. त्याच टाक्यांत, त्याच वेळात त्याची घट कमी होते. नव्या लॅमिनेटचा तुकडा फिरवला तेव्हा घट जुन्या तुकड्याच्या मानाने फारच कमी आली. लाइन बिघडलेली नव्हती. तिला जे काम दिले होते ते ती चोख करत होती, फक्त ते काम दुसऱ्या रेझिनचे होते.

दुसरीकडे हेच रेझिन जास्त कडक, त्यात फिलर. त्यामुळे बिट लवकर झिजतो आणि स्मिअर वाढतो. म्हणजे लेप जास्त आणि तो काढायची ताकद कमी. पहिला नमुना लॉट पास झाला, कारण तो मान्यतेसाठी असल्याने ड्रिलिंगवाल्यांनी आपणहून नवे बिट लावले होते. त्यांचा हेतू चांगलाच होता.

निर्णय दुसरा: तयार मालाचे काय?

फिनिश झालेले बोर्ड रॅकवर होते, ग्राहकाची डिलिव्हरी जवळ आलेली. तीन मते पुढे आली.

पहिले मत, पुन्हा एकदा टेस्ट करून पाठवा. वर सांगितलेल्या कारणाने ते टिकले नाही.

दुसरे मत जास्त विचारपूर्वक होते: बोर्ड रिकामेच दोनदा रिफ्लोमधून काढा, मग चार वायरच्या मापनाने मिलिओहमपर्यंत रोध तपासा, आणि जे वाढलेले दिसतील ते टाका. याने वाईट बोर्ड नक्की सापडले असते. पण अर्धवट लेप असलेला सांधा दोन फेऱ्यांत टिकतो आणि ड्राइव्हच्या पेटीत रोजच्या गरम-थंडीत हळूहळू सुटतो. शिवाय या चाळणीत प्रत्येक चांगल्या बोर्डाचेही थोडे आयुष्य खर्च होते. निदानासाठी ही पद्धत उत्तम आहे, माल पास करायला नाही.

तिसरे मत, सगळे स्क्रॅप. प्लेटिंग झाल्यावर स्मिअर काढायला मार्गच नसतो. तो तांब्याच्या खाली बंद झालेला असतो. क्वालिटी हेडने हेच मत लावून धरले आणि मालकांनी थोड्या वेळाने ते मान्य केले. आयपीसी-६०१२ या पीसीबीच्या दर्जाच्या मानकातल्या क्लास ३ मध्ये आतल्या थराशी प्लेटिंगची फारकत अजिबात चालत नाही, आणि हा बोर्ड त्याच क्लासमध्ये मागवलेला होता. त्यामुळे खरे तर पर्याय नव्हताच.

निर्णय तिसरा: आधी गेलेल्या मालाबद्दल ग्राहकाला किती सांगायचे?

बैठक सर्वांत लांबली ती इथे. नव्या लॅमिनेटचे आधीचे लॉट असेंबल होऊन ड्राइव्हमध्ये बसलेले होते. ड्रिल मशिनच्या लॉगमध्ये प्रत्येक बिटची भोके नोंदलेली होती, म्हणून बिटच्या आयुष्याच्या अखेरीस मारलेली पॅनेल शोधून तेवढीच संशयित म्हणून कळवावीत असा प्रस्ताव आला. तो करून पाहिला. लॉगवरून पॅनेल सापडत होती. पण नव्या बिटने मारलेल्या भोकांतही काही ठिकाणी पातळ लेप मिळाला. तेव्हा “हे चांगले, ते वाईट” अशी रेघ प्रामाणिकपणे मारता येत नव्हती. शेवटी लॅमिनेट बदलल्यापासूनचे सगळे लॉट संशयित म्हणून, सेक्शनच्या फोटोंसह, लेखी कळवले.

ग्राहक भडकला, आणि ते साहजिक होते. पण पूर्ण यादी हातात असल्यामुळे कुठली कार्डे आधी बदलायची, कुठली पुढच्या मेंटेनन्सला, हे त्यांना स्वतः ठरवता आले. अर्धी यादी दिली असती आणि तिच्याबाहेरचे एक कार्ड जरी बंद पडले असते, तर पुढच्या कुठल्याही रिपोर्टवर त्यांनी विश्वास ठेवला नसता.

प्रक्रियेत केलेले बदल

डीस्मिअरसाठी तीन मार्ग होते. सगळ्यांसाठी परमँगनेटचा वेळ वाढवणे सोपे होते, पण त्यात जुन्या लॅमिनेटचे रेझिन जास्त खाल्ले जाते, काचेचे धागे भोकात उघडे पडतात आणि प्लेटिंग धाग्यांच्या बाजूने आत शिरते. प्लाझ्माने डीस्मिअर करणे नव्या रेझिनला मानवले असते, पण कारखान्याकडे तशी मशिन नव्हती आणि प्लाझ्मा घाण्याघाण्याने चालतो, रोजच्या उत्पादनाला संथ पडतो. तिसरा मार्ग दोन वेगळ्या प्रोग्रामचा: नव्या लॅमिनेटला फुगवण्याच्या टाकीत आणि परमँगनेटमध्ये जास्त वेळ, जुन्याला पूर्वीचाच. तो निवडला. त्यात धोका एवढाच की ऑपरेटर चुकीचा प्रोग्राम लावू शकतो. म्हणून लॅमिनेटचा कोड जॉब कार्डावर मोठ्या अक्षरात आणि बारकोडमध्ये आला, आणि तो स्कॅन केल्याशिवाय लाइन सुरू होईना.

फुगवण्याच्या टाकीकडे आधी कोणाचेच लक्ष गेले नव्हते. सगळे परमँगनेटचाच वेळ वाढवायला निघाले होते. पण रेझिन पुरेसे फुगले नाही तर परमँगनेट कितीही वेळ दिला तरी वरवर चाटतो. चाचणीत निम्म्याहून जास्त सुधारणा पहिल्या टाकीनेच दिली.

ड्रिलिंगमध्ये नव्या लॅमिनेटसाठी बिटची मर्यादा जवळपास निम्म्यावर आणली आणि एका वेळी रचायच्या पॅनेलची संख्या कमी केली. वजन-घटीचा तुकडा आता त्या शिफ्टला चालणाऱ्या लॅमिनेटचाच, आणि प्रत्येक जातीची मर्यादा वेगळी. सेक्शनसाठीचे कूपन, म्हणजे चाचणीसाठी राखलेला तुकडा, २८८ अंशांच्या वितळलेल्या सोल्डरवर दहा सेकंद तरंगवून मगच कापायचे, आणि कूपन बिटच्या शेवटच्या भोकांतून घ्यायचे. एचची वेळ घड्याळ लावून. रेघ दिसली तर लॉट अडवायचा अधिकार लॅबला लेखी मिळाला.

निष्पत्ती

नव्या पद्धतीचे बोर्ड सहा रिफ्लो फेऱ्यांनंतरच्या सेक्शनमध्ये स्वच्छ निघाले आणि ती तक्रार पुन्हा आली नाही. ड्रिलिंगचा खर्च मात्र कायमचा वाढला. त्या ग्राहकाने ऑर्डरचा काही भाग दुसऱ्या पुरवठादाराकडे वळवला आणि तो परत आलेला नाही.

काय वेगळे करता आले असते

लॅमिनेट बदलाच्या बैठकीत प्रत्येक विभागाला “तुमच्याकडे काय बदलायचे?” असे विचारले गेले, आणि केमिकल लाइनने “काही नाही” म्हटले. त्याऐवजी “हे रेझिन तुमच्या टाक्यांतून फिरवून पाहिले का?” असे विचारले असते, तर एका तुकड्याच्या वजनात सगळे कळले असते. डीस्मिअरची रसायने देणाऱ्या कंपनीला नव्या लॅमिनेटचे नाव कळवले असते, तरी त्यांनी वेगळा वेळ सुचवला असता. अशी माहिती त्यांच्याकडे बहुधा तयार असते.

नमुना लॉट नव्या बिटने काढणे हा दुसरा मुद्दा. मान्यतेचा लॉट सर्वांत वाईट चालणाऱ्या स्थितीत काढायला हवा होता: बिट मर्यादेच्या टोकाला, पॅनेलची रचना जास्तीत जास्त उंच, परमँगनेट बाथ नव्याऐवजी जुना. ग्राहकाला दाखवायचा नमुना आणि प्रक्रिया तपासायचा नमुना वेगळे असू शकतात.

अजून एका गोष्टीवर कारखान्यात एकमत नाही. क्वालिटीला प्रत्येक लॉटच्या कूपनवर चार वायरचे मापन गरम-थंड फेऱ्यांसह हवे आहे, कारण सेक्शन मोजक्या भोकांचेच होते, तर कूपनमधली साखळी शेकडो भोके एकदम तपासते. प्रॉडक्शनचे म्हणणे असे की त्यात प्रत्येक लॉट अडून राहतो. सध्या ते फक्त नवे लॅमिनेट, नवा बाथ किंवा नव्या जातीचा बिट आला की करतात.